गोळ्यांची गाडी वरून, ताटांची गाडी खालून

प्रति,
मा. अधीक्षक,
दीर्घोपचार शुश्रूषालय,
मुख्य इमारत.

विषय : तिसऱ्या मजल्यावरील, खिडकीलगतच्या खाटेवरील वृद्ध स्त्री रुग्णास चौथ्या मजल्यावर कायमचे हलवण्यापूर्वी एकदा भरल्या पोटी तपासण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज. (पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.)
२) त्याच अर्जांवर वैद्यकीय शाखा व आहार शाखा यांनी एकमेकींना पाठवलेली टिपणे.
३) येत्या सोमवारी सकाळी भरणारी मानसिक क्षमता समितीची बैठक.

महोदय,

१. मी खाली सही करणारी अर्जदार कपड्यांना रफू करण्याचे व मापे सैल-घट्ट करून देण्याचे काम करते. सदर रुग्ण माझी आत्या आहे. माझे आईवडील मी लहान असताना गेले, तेव्हापासून तिनेच मला वाढवले. नात्याच्या रकान्यात ‘भाची’ असे लिहिले आहे ते खरे असले तरी अपुरे आहे. रकान्यात तेवढीच जागा होती. मागील अर्जांत मी तिला ‘सदर रुग्ण’ म्हणत आले. पण तसे लिहिताना आपण भलत्याच कुणाबद्दल लिहितो आहोत असे वाटत राहते, म्हणून यापुढे तिला आत्या म्हणण्याची मुभा असावी. अर्ज कसा करावा हे मला कुणी शिकवलेले नाही. पहिल्या अर्जावर विषय नाही म्हणून आक्षेप आला, नंतरच्यावर संदर्भ नाहीत म्हणून, त्यानंतरच्यावर परिच्छेदांना आकडे नाहीत म्हणून. या अर्जात तिन्ही आहेत. आता आत काय लिहिले आहे ते वाचले जावे, ही नम्र विनंती.

२. आत्या मोजे विणण्याच्या कारखान्यात यंत्रावर कामाला होती. घरातल्या न्हाणीघरात पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले आणि ती आपल्या शुश्रूषालयात दुसऱ्या मजल्यावर दाखल झाली. दाखल होताना तिचे डोके संपूर्ण शाबूत होते, हे मी शपथेवर सांगते. पुरावा म्हणून नमूद करते की शेजारच्या तिन्ही खाटांवरच्या बायकांना तिने पत्त्यांत लोळवले आणि त्यात सरळसरळ लबाडी केली. एक पान मांडीखाली, दुसरे उशीखाली, आणि कुठले कुठे आहे हे डाव संपेपर्यंत लक्षात. ज्याचे डोके चालत नाही त्याला हे जमणार नाही. त्या तिन्ही बायका साक्ष देतील. एक अजून तिच्यावर रुसलेली आहे, तिची साक्ष अधिक खरी धरावी.

३. आत्याला पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यासाठी ती रोज सकाळी एक गोळी घेते. ही गोळी काय करते हे मला आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याने समजावले, ते त्याच्याच शब्दांत देते, म्हणजे माझ्या पदरची भर नको. तो म्हणाला, ‘हे बघा ताई, पोटात ते स्वादुपिंड असतं ना, ते आळसावलेलं असतं. ही गोळी जाऊन त्याला ढोसते, ऊठ, इन्सुलिन सोड. मग ते सोडतं. आता रक्तात साखर आहे का, बाईनं काही खाल्लंय का, हे काही गोळी बघत नाही. ती ढोसत राहते. म्हणून गोळी घेतली की लगेच खायचं. खायला उशीर झाला तर असलेली साखरही संपते, आणि मग माणूस माणसात राहत नाही.’ त्याने असेही सांगितले की वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडातून ही गोळी सावकाश बाहेर पडते, त्यामुळे तिचा अंमल लांबत जातो. खोक्यातल्या माहितीपत्रकातही हेच छापले आहे. ते सोबत जोडले आहे. अक्षर बारीक आहे, मी खाली रेघ मारली आहे.

४. घरी हे सोपे होते. चूल आणि गोळ्यांचा डबा एकाच फळीच्या वरखाली होते. मी ताट वाढायची, आत्या गोळी तोंडात टाकायची आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायची की आता उशीर झाला तर तुझी खैर नाही. इतकी वर्षे एकदाही घोटाळा झाला नाही.

५. आपल्या शुश्रूषालयात औषधांचे कोठार चौथ्या मजल्यावर आहे, कारण तळघरात ओल येऊन गोळ्या खराब होत होत्या. स्वयंपाकघर तळमजल्यावर आहे, कारण गॅसच्या टाक्या वर नेता येत नाहीत. दोन्ही कारणे योग्य आहेत, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र त्यामुळे सकाळी गोळ्यांची गाडी चौथ्या मजल्यावरून निघून मजले जोडणाऱ्या उतारावरून खाली येते, आणि ताटांची गाडी तळमजल्यावरून निघून वर जाते. ताटांची गाडी जड असल्याने तिला उद्वाहक (लिफ्ट) लागतो, आणि उद्वाहक आधी तपासण्यांना जाणाऱ्या रुग्णांचा. परिणामी तळमजल्यावर आधी न्याहारी येते आणि मग गोळी. पहिल्या मजल्यावर दोन्ही गाड्या साधारण समोरासमोर येतात. दुसऱ्यावर गोळी थोडी आधी. तिसऱ्यावर बरीच आधी. चौथ्या मजल्यावर गोळी सगळ्यांत पहिल्यांदा आणि ताट सगळ्यांच्या शेवटी. मी ही बाब प्रथम लक्षात आणून देते आहे असा माझा दावा नाही. ती सगळ्यांना माहीत आहे.

६. ज्या ताई गोळ्यांची गाडी आणतात त्यांना सगळे रुग्ण गोळीताई म्हणतात. त्यांना मी विचारले की गोळी जरा थांबून देता येईल का. त्या म्हणाल्या, ‘अहो, मला काय हौस आहे का उपाशी म्हातारीच्या तोंडात गोळी घालायची? पण गोळी दिल्याची सही मजल्यावर असतानाच करायची असते, आणि खाली अजून तीन मजले माझी वाट बघत असतात.’ रुग्णाच्या हातात गोळी ठेवून जाणे नियमात बसत नाही. ताटाची गाडी आणणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. त्यांना मी विचारले की आधी वर जाऊन मग खाली येता येईल का. ते म्हणाले, ‘बाई, लिफ्ट मोकळी होईस्तोवर मी खालीच उभा. मग उभ्या उभ्या खालच्यांना वाढून टाकतो. नाहीतर त्यांचंही गार, वरच्यांचंही गार. का मी उडत जाऊ?’ दोघांचेही म्हणणे मला पटले. माझी अडचण अशी आहे की मी ज्या कुणाला भेटते त्याचे म्हणणे मला पटतेच, आणि मी परत निघते.

७. दुसऱ्या मजल्यावर असताना आत्याने यावर स्वतःच तोड काढली होती. गोळी घेतल्याचे नाटक करायचे, ती गालात धरायची, गोळीताई वळल्या की रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवायची आणि ताट आले की सोडून घ्यायची. पत्त्यांत मुरलेल्या बाईला हे अवघड नव्हते. मला तिने मोठ्या ऐटीत दाखवलेही. पण एकदा ताट यायला फारच उशीर झाला आणि भुकेच्या भरात तिने आधी जेवून घेतले. गाठ तशीच राहिली. मग पुन्हा तसेच झाले. तपासणीत साखर वाढलेली दिसली. डॉक्टरांनी रीतसर विचार करून गोळीची मात्रा दुप्पट केली. त्यानंतर कपडे धुवायला देताना रुमालातल्या गाठी सापडल्या. गोळ्या लपवते अशी नोंद झाली, आणि तेव्हापासून गोळीताई तिला आ करायला लावून, जीभ वर करायला लावून, मगच पुढे जातात. वाढवलेली मात्रा मात्र कमी करायची राहिली, कारण ज्यांनी वाढवली ते डॉक्टर बदलून गेले होते, आणि नवीन डॉक्टरांना आधीच्यांचा निर्णय लगेच फिरवणे प्रशस्त वाटले नाही. अशा रीतीने आत्याला आता रिकाम्या पोटी दोन गोळ्यांचा अंमल मिळतो.

८. महोदय, त्यानंतर काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. भेटीची वेळ संध्याकाळची असते आणि संध्याकाळी आत्या व्यवस्थित असते. मला विचारते, काम किती आले, अमक्याच्या कोटाची बाही झाली का, तू वाळलीस का. त्यामुळे ‘रुग्ण आक्रमक’, ‘रुग्ण असंबद्ध बोलते’ असे शेरे मी वाचायची तेव्हा मला वाटायचे, खाटेचा आकडा चुकला असेल. म्हणून एकदा दुकानातून सुट्टी घेऊन, मुख्य दरवाजावरच्या रखवालदाराच्या मेहेरबानीने मी सकाळी वर गेले. आत्या खाटेवर बसली होती. गळ्यावरून घाम ओघळत होता आणि हात थरथरत होते. तिने माझ्याकडे पाहून विचारले, ‘तू कोण गं?’ मी सांगितले. ती म्हणाली, ‘ती लहान आहे अजून. तू तिचे कपडे चोरून घातलेस. काढ.’ आणि माझी बाही धरून ओढू लागली. शब्द जिभेवर अडखळत होते. दारू प्यायलेल्या माणसाचे अडखळतात तसे. आत्याने आयुष्यात कधी घोटही घेतला नाही. त्याच वेळी डॉक्टरांची फेरी आली. त्यांनी पाहिले, मान हलवली आणि लिहिले. फेरी पुढे गेल्यावर ताट आले. मी भरवले. सुरुवातीला ती थुंकली, मग चार घास गेले, मग आणखी काही. थोड्या वेळाने तिने स्वतःच चमचा हातात घेतला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, ‘अगं, तू या वेळी? कामावर नाही गेलीस? आणि बाही कुणी फाडली एवढी?’ मी म्हटले, दारात अडकली.

९. महोदय, अडचण ही की आपले डॉक्टर तिला नेहमी ताटाच्या आधी पाहतात आणि मी ताटाच्या पुष्कळ नंतर. आपल्या कागदांतली बाई आणि माझी आत्या या दोघींची आजवर गाठ पडलेली नाही. मी मजल्यावरच्या तरुण डॉक्टरांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘तुमचं बरोबर असण्याची दाट शक्यता आहे.’ मी म्हटले, मग त्याच वेळी बोट टोचून साखर बघा की. ते म्हणाले की तक्त्यात पहाटेची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशा दोनच तपासण्या आहेत; गोळीच्या नंतरची आणि ताटाच्या आधीची अशी तपासणी नाही, त्यामुळे तिच्या पट्ट्या मजल्यावर येत नाहीत. त्यांनी मला असेही सांगितले की याच कामाची एक दुसरी गोळी असते. तिचा अंमल थोडा वेळच टिकतो, जेवण समोर आले तरच घ्यायची आणि जेवण चुकले तर तीही चुकवायची. ती कोठाराच्या मंजूर औषधांत नाही. मी म्हटले, मी विकत आणून देते. बाहेरचे औषध आत चालत नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. चांगला मुलगा आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट नोंदवावे.

१०. गोड खाल्ले की आत्या ताळ्यावर येते, म्हणून मी साखर जवळ ठेवण्याची परवानगी मागितली. तिच्या खाटेला ‘मधुमेही, साखर वर्ज्य’ अशी पाटी आहे. घाम सुटला की ती साखर मागते, आणि तिने साखर मागितली की ‘रुग्ण पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडतो. खाण्याचा कोणताही पदार्थ खाटेजवळ ठेवल्यास उंदीर येतात, हेही मला सांगण्यात आले, आणि उंदीर मी स्वतः पाहिले आहेत. तरीही पुष्कळ खेटे घातल्यावर तरुण डॉक्टरांनी लिहून दिले, आहारतज्ज्ञ बाईंनी त्यावर शिफारस केली आणि आहार शाखेने आत्यासाठी रोज सकाळी दोन बिस्किटे मंजूर केली. मला इतका आनंद झाला की मी आहार शाखेच्या दारातच रडले. तेथील कारकुनाने मला पाणी दिले. ही बिस्किटे दुसऱ्याच दिवसापासून नियमित येऊ लागली. ती ताटांच्या गाडीवरून येतात. ताटाच्या कडेला ठेवलेली असतात.

११. दरम्यान, शेरे साठत गेल्यामुळे आत्याला दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर हलवण्यात आले, कारण तिथे लक्ष ठेवायला माणूस अधिक आहे. वस्तुतः तिथे ताटही अधिक उशिरा येते, त्यामुळे शेरेही वाढले. मी विनंती केली होती की तिला वर नेण्याऐवजी तळमजल्यावर आणावे, म्हणजे आधी न्याहारी मिळेल आणि मग गोळी, आणि कुणालाच गाडी फिरवावी लागणार नाही. त्यावर कळले की तळमजला घरी जाण्याच्या बेतात असलेल्या रुग्णांसाठी आहे व तेथे जाण्यास मानसिक क्षमता समितीचा दाखला लागतो. म्हणजे बऱ्या झालेल्यांना वेळेवर खायला मिळते, आणि बरे होण्यासाठी आत्याला वेळेवर खायला मिळायला हवे. हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचून पाहिले. माझी लिहिण्यात चूक होत असेल असे आधी वाटले होते.

१२. आता येत्या सोमवारी समिती आत्याला तपासून चौथ्या मजल्यावरील कुलूपबंद विस्मृती कक्षात कायमचे ठेवण्याचा निर्णय घेणार आहे. त्या कक्षात भेटीला महिन्यातून एकदा सोडतात, आणि तिथून कुणी खाली आल्याचे उद्वाहकाच्या चालकाला आठवत नाही. मी त्यांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, ‘वर नेतो मी. खाली नेतो तेव्हा बसलेलं माणूस नसतं.’ तिथे गोळी पहिली आणि ताट शेवटचे, हे मी वर लिहिलेच आहे. आत्या तिथे फार दिवस काढणार नाही. तिला भुकेने काही होईल असे नाही. जेवण येतच असते. फक्त ते येईपर्यंत ती रोज थोडी थोडी जात राहील, आणि एखाद्या सकाळी ताट पोहोचेल तेव्हा ती परत येणार नाही.

१३. गाड्यांची दिशा बदलावी, अशी माझी पहिली विनंती होती. ती मी मागे घेते. मजला बदलावा ही दुसरी, तीही मागे घेते. मात्रा कमी करावी, वेगळी गोळी द्यावी, साखर जवळ ठेवू द्यावी, यांपैकी काहीच आता मागत नाही. समितीने तिला न्याहारीनंतर तपासावे, एवढेच मागायचे असे ठरवून मी हा अर्ज लिहायला घेतला, आणि विषयही तसाच लिहिला. पण काल चौकशी केली तेव्हा समजले की समितीचे सदस्य बाहेरून येतात, त्यांना पुढे दुसरीकडे जायचे असते, आणि ताटांची गाडी तिसऱ्या मजल्यावर येण्याआधी त्यांचे काम आटोपलेले असते. वेळ बदलणे कुणाच्याच हातात नाही. आपल्याही हातात नसावे, असे आपल्या कचेरीतील बाईंनी हळूच सांगितले.

१४. तेव्हा मी असे मागणार होते की समितीच्या प्रश्नांत ‘आज वार कोणता’ हा पहिला प्रश्न असतो, त्याच्याही आधी ‘तुम्ही खाल्लंत का’ एवढा एक प्रश्न घालावा, आणि उत्तर नाही असे आले तर पुढचे विचारू नयेत. याला ना गाडी लागते ना मंजुरी. तसे मी लिहूनही काढले होते. मग ते खोडले. कारण महोदय, आत्याला हा प्रश्न मी लहानपणापासून विचारत आले आहे. ती कारखान्यातून यायची, पातेल्यात एकीपुरते असायचे, मी ताटावर बसून विचारायची, ‘आत्या, तू जेवलीस?’ आणि ती मोजे काढता काढता म्हणायची, ‘मघाशीच.’ मला खरे कळले तेव्हा मी चांगली मोठी झाले होते, आणि त्यानंतरही ती तेच उत्तर देत राहिली, म्हणजे मला कळले आहे हे तिला कळू नये अशी काळजी मलाच घ्यावी लागायची. घामाने भिजलेली असो, मला ओळखत नसो, वार कोणता हे सांगता येत नसो. खाल्लंस का म्हटले की आत्या हो म्हणणार. समिती हो लिहील आणि पुढचा प्रश्न विचारील.

१५. म्हणून माझी विनंती इतकीच आहे की खाल्ले का, हे समितीने तिला विचारू नये. तिच्या पुढ्यात बघावे. तिथे खरकटे ताट असेल, तर खुशाल हवे ते प्रश्न विचारावेत. ती उत्तरे देईल, वर समितीच्याच चुका काढील. ताट नसेल, तर जी उत्तरे येतील ती माझ्या आत्याची धरू नयेत.

कळावे. आपल्या दारातल्या बाकावर बसून,

आपली नम्र,

(सही)
रुग्णाची भाची
रफू व कपडे-दुरुस्ती काम

दिनांक : ७ नोव्हेंबर, शुक्रवार

सोबत :
१) गोळीच्या खोक्यातील माहितीपत्रक, रेघ मारलेले.
२) मागील अर्जांच्या पोचपावत्या.
३) दुसऱ्या मजल्यावरील तीन स्त्री रुग्णांचे निवेदन, आत्याने पत्त्यांत लबाडी केल्याबाबत. (अंगठे दोन, सही एक.)